या बाई, आत या

सोमवार, १२ नोव्हेंबर

बाई,

पत्राच्या माथ्यावर नमस्कार लिहायचा असतो, हे तुम्हीच शिकवलंत. नाही लिहीत.

आज दुपारी माझी नात शाळेतून आली, दप्तर खुर्चीवर फेकलं आणि मोजे काढता काढता गुणगुणायला लागली:

डोंगराच्या पाठीमागे कोण दिवा लावतो,
हरवलेल्या पाखराला कोण हाक मारतो?

माझ्या हातातून पाण्याचा पेला सुटला. सून आतून धावत आली. "बाबा, काच लागली का कुठे?" नात मात्र टाळ्या वाजवत म्हणाली, "आजोबा, तुम्हाला पण येते ही?"

मला येते, साठ वर्षं येते. आणि ही कविता कुठल्याच पुस्तकात नाही, बाई. मी शोधली आहे. नोकरी लागल्यावर शोधली, बायको गेल्यावर शोधली, निवृत्तीनंतर तर दोन वर्षं ग्रंथालयात जुन्या क्रमिक पुस्तकांच्या गठ्ठ्यांत नाक खुपसून बसलो. बाकीच्या सगळ्या सापडल्या. नदीची सापडली, आजीच्या चष्म्याची सापडली, शेवटचं कडवं विसरलो होतो ती सुगरणीचीही सापडली. ही नाही सापडली. कारण ही तुम्ही केली होतीत, आमच्या पाचवीच्या वर्गासाठी, डाव्या हातानं थेट फळ्यावर.

"कुणी शिकवली तुला?" मी विचारलं.

"नव्या बाईंनी. आजोबा, गंमत सांगू? त्या वर्गात एकदम येतच नाहीत. दारात थांबतात. म्हणतात, वर्ग तुमचा आहे, तुम्ही या म्हणाल तरच मी येणार. मग मी उभी राहते आणि म्हणते, या बाई, आत या! मी मॉनिटर आहे ना! त्या मला दारवान म्हणतात."

सून काचा गोळा करत होती. म्हणाली, "किती छान ना, बाबा? मुलांना इतका मान देणारे शिक्षक आता कुठे राहिलेत?"

हे माझ्या आईचं वाक्य आहे. साठ वर्षांपूर्वी, अगदी याच कौतुकानं, ती शेजारणीला हे सांगत होती आणि दारवान मी होतो.

मी तसाच उठून शाळेच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. वाटलं, म्हातारपणी माणसाला काहीही वाटतं, जाऊन बघून यावं. तुम्ही बाहेर आलात. तोच राखाडी स्वेटर, चष्म्याला तीच बारीक साखळी, लख्ख उन्हात उघडलेली तीच काळी छत्री. वय तेव्हा पस्तीस होतं. आजही पस्तीसच. माझ्या गुडघ्यांना विचारा किती वर्षं झाली ते.

म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही मुलांचं रक्त पिता. तेव्हा पीत होतात, आताही पीत आहात. शाळा सुटल्यावर एकेकाला 'पाठांतराला' थांबवायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावर दोन ठिपके. घरी विचारलं तर पोरं म्हणायची, कर्कटक लागलं. अख्ख्या वर्गाला कर्कटक लागत होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं! उलट आमच्या वर्गाला त्या वर्षी सर्वांत शांत वर्गाचं बक्षीस मिळालं. कसा नसेल शांत? अंगात रक्त नको का दंगा करायला?

सुनेच्या कपाटात तुमच्यासारख्यांच्या कादंबऱ्या आहेत. आज संध्याकाळी तीन चाळल्या. तिन्हींत तुम्ही देखणे, उंच, दुःखी. ओसाड महालात राहता, प्रेमात पडता. एकीतही खडूची धूळ नाही. एकीतही कुणी शर्टाचं बटण शिवून देत नाही. तुम्ही माझं बटण शिवून दिलं होतंत. दातांनी दोरा तोडलात. त्याच दातांनी.

माझा मित्र पोपट त्या वर्षी तापानं गेला. वर्गात सगळ्यांत सुंदर कविता तो म्हणायचा. तुम्हाला आठवत असेलच.

माझ्या नातीला तुम्ही हात लावणार नाही, हे मला ठाऊक आहे. मला तरी कुठे लावलात? दारवानाला तुम्ही शिवत नाही. माझा संताप आहे तो त्याचाच. तिला सोडा. ही शाळा सोडा.

कधीकाळचा तुमचा दारवान

.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

बाई,

तुमचं उत्तर नातीच्या दप्तरातून आलं. उत्तर कसलं, माझंच पत्र. लाल शाईनं तपासलेलं!

नमस्कार नाही, तिथे तुम्ही रिकामी चौकट काढलीत. गुडघ्यांच्या वाक्याखाली रेघ आणि शेजारी 'छान'. कादंबऱ्यांच्या परिच्छेदाला 'विषयांतर'. शेवटी शेरा: 'भावना प्रामाणिक. अक्षर सुधारले आहे. दहापैकी सहा.'

माझं वय एकाहत्तर आहे. आणि तो 'छान' वाचून माझ्या पोटात क्षणभर गुदगुल्या झाल्या. एवढी वर्षं गेली तरी तुमच्या हातचा 'छान' मला अजून हवा आहे, हे तुम्हाला माहीत होतं म्हणून तुम्ही तो लिहिलात. यापेक्षा गळा धरला असतात तर बरं झालं असतं.

आणि 'पोपट तापानं गेला' या वाक्याला वर्तुळ. समासात: 'मोघम. दार कोणी उघडले ते लिही.'

नाही लिहीत. तुम्ही कोण मला विचारणार?

मी मुख्याध्यापिकांकडे गेलो होतो. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि माझं बोलणं ऐकताना पंख्याकडे बघत राहिल्या. "आजोबा, फार अनुभवी शिक्षिका आहेत हो त्या. आणि तुमच्या नातीचा वर्ग काय शांत झालाय म्हणून सांगू!"

मुलाला सांगितलं. तो मोबाईलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बाबा, रक्तदाबाची गोळी घेतली का आज?"

"घेतली."

"मग उद्यापासून दोन घ्या."

सून हसली नाही. पण काल रात्री तिनं आपल्या कादंबऱ्या वरच्या कप्प्यात हलवल्या. माझा हात पुरणार नाही अशा.

.

सोमवार, १९ नोव्हेंबर

बाई,

लिहायला लावलंतच.

आज नातीनं सांगितलं, तिच्या बाकावरची मैत्रीण चार दिवस आली नाही. ताप आहे. या मुलीला आम्ही खारुताई म्हणतो, कारण तिच्या गालात सतत काहीतरी असतं. गेल्या मंगळवारी आमच्या घरी आली होती तेव्हा गाल रिकामे होते. चॉकलेट दिलं तर म्हणाली, नको आजोबा, चावायचा कंटाळा येतो. मनगट मी तेव्हाच पाहायला हवं होतं. पाहिलं नाही. भीती वाटली.

"रविवारी दुपारी बाई आणि मी तिला बघायला जाणार आहोत," नात म्हणाली. "बाई म्हणाल्या, दारवानाशिवाय कसं जाणार?"

खारुताईचे आईवडील दोघंही दुकानात असतात, रविवारीसुद्धा. आणि तिची आई माझ्या नातीला नेहमी काय म्हणते? "अगं विचारतेस काय, हे घर तुझंच आहे." आपल्याकडे सगळेच असं म्हणतात. कुणाला वाटतं, हे शब्द खरे धरून तिच्या एका 'या'वर उंबरा ओलांडणारं कुणी असेल म्हणून?

तर दार मी उघडलं.

पोपटाच्या आईनं मला किती वेळा म्हटलं होतं, हे घर तुझंच आहे रे. मी तिच्या हातचं जेवलो होतो, तिच्या घरी गोवरात पडून राहिलो होतो, पोपटाच्या अर्ध्या गोधडीवर माझा हक्क होता. त्या दिवशी ती कामावर होती. पोपट आठवडाभर शाळेत आला नव्हता. तुम्ही मला म्हणालात, "चल, पोपटाला बघून येऊ." आणि जिना चढता चढता, सहज बोलावं तसं: "तो बरा झाला नाही, तर स्पर्धेत कविता तुलाच म्हणावी लागेल."

ही कविता. डोंगराच्या पाठीमागची. मला ती पोपटापेक्षा जास्त आवडायची आणि पोपट ती माझ्यापेक्षा चांगली म्हणायचा. अकरा वर्षांच्या पोराच्या जिवाला यापेक्षा मोठं दुःख नसतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळत होतं?

दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही उंबऱ्याबाहेर थांबलात. पोपटानं कॉटवरून मान वळवून तुम्हाला पाहिलं. तो म्हणाला, "नको." मोठ्यानं नाही. ताकदच नव्हती. मग माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाला, "ए, नको ना."

मला कळलं नाही, असं मी स्वतःला साठ वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. त्याच्या दहा दिवस आधी डबा विसरला म्हणून मी वर्गात परत गेलो होतो. खिडक्यांचे पडदे ओढलेले. पोपटाचा हात तुमच्या तोंडाशी होता आणि तो पेंगुळल्या आवाजात कविता म्हणत होता. तुम्ही वर पाहिलंत. ओठांवर बोट ठेवलंत. शू. आणि त्या बोटाला लाल लागलं. मी डबा घेतला, घरी गेलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खणखणीत आवाजात म्हणालो, या बाई, आत या.

पोपटाच्या दारातही तेच म्हणालो. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात आणि आत गेलात. मी जिन्यात बसून मनातल्या मनात कविता पाठ करत होतो.

पाचव्या दिवशी तो गेला. स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं. पोपटाची आई टाळ्या वाजवायला आली होती. म्हणाली, "त्याच्यासारखीच म्हणालास रे अगदी."

सगळं लिहिलं. आता द्या दहापैकी दहा. तुला लाज कशी वाटली नाही गं? दिवसभर आम्हाला पाखरांवर दया करायला शिकवायचीस आणि संध्याकाळी... पाहा, 'तू' गेलं हातून. खोडणार नाही.

तुम्ही ढोंगी असतात तर मी कधीच मोकळा झालो असतो. पण पोपट गेल्याचं वर्गात सांगताना तुमचा आवाज खरोखर कापला होता. मी पहिल्या बाकावर होतो, मला ते सोंग वाटलं नाही. आजही वाटत नाही. तुमचं प्रेमही खरं आणि भूकही खरी, आणि दोन्ही एकाच पोरावर. मग पोरांनी काय करायचं? प्रेम तेवढं घ्यायचं आणि मनगट मागे ओढायचं? अकराव्या वर्षी जमतं कुणाला?

मी सदतीस वर्षं इस्पितळाच्या फाटकावर भेटीचे पास दिले. कोण आत जाईल, कोण नाही, हे ठरवायची नोकरी. नियमावर इतकं बोट ठेवायचो, की लोक मला दगड म्हणायचे. एकदा एका बाईला पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मी तिला नवऱ्याला भेटू दिलं नाही. एकदा म्हणायचं राहिलेलं 'नको' मी असं वसूल करत बसलो, नको त्या माणसांकडून.

.

शनिवार, २४ नोव्हेंबर

बाई,

यावेळी पत्र तपासून आलं नाही. बरं झालं.

आज सकाळी सून बाजारात आणि मुलगा कामावर असताना मी नातीला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खोटं बोलून तिला घरात ठेवता आलं असतं. पोट दुखतंय म्हणून मी कण्हलो असतो तर ती रविवारी गेली नसती. पण मग सोमवारी सकाळी ती पुन्हा उभी राहून या बाई म्हणाली असती. तुम्हाला अडवायला माझा उपयोग नाही. वर्ग तिचा आहे. तुम्हीच तसं सांगितलंत ना?

ती आधी हसली. मग चिडली. "बाईंबद्दल असं बोलू नका हं, आजोबा!"

"खारुताईच्या मनगटावर काय आहे?"

"कर्कटक लागलंय."

"आणि मागच्या बाकावरच्या दोघींच्या?"

ती बोटं मोजायला लागली, एका हाताची संपली, दुसऱ्या हातावर आली. मग मी पोपटाचं सांगितलं. डब्याचं, जिन्याचं, स्पर्धेचं.

ती माझ्याकडे बघत होती. माझ्या नातीचे डोळे मोठे आहेत, माझ्या आईसारखे. तिनं तुमच्याबद्दल काहीच विचारलं नाही. दात कसे, उन्हाचं काय, मरतात कशा, काही नाही. एवढंच विचारलं:

"तो नको म्हणाला होता?"

"हो."

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"हो."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

तिनं माझ्या मांडीवरून आपला हात काढून घेतला. हळूच, गरम भांड्यावरून काढावा तसा.

बाई, तुम्ही तिचं काही घेतलं नव्हतंत अजून. जे होतं ते आज मी घेतलं. सकाळपर्यंत जगात तिचा एक आजोबा होता जो कविता म्हणतो आणि कुणाचं वाईट करत नाही. दुपारी नव्हता. हेही तुमच्याच खाती घालावंसं वाटतं, पण ते घालता येत नाही.

उद्या ती काय करेल, मला ठाऊक नाही.

.

मंगळवार, २७ नोव्हेंबर

बाई,

हे पत्र कुठे पाठवायचं, माहीत नाही. तरी लिहितो.

रविवारी मी तुमच्या मागोमाग आलो होतो. खारुताईच्या इमारतीत, खालच्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभा होतो. मला वाटलं होतं, नात येणारच नाही. ती आली. केस नीट विंचरून, हातात खारुताईसाठी गृहपाठाची वही घेऊन. तुम्ही छत्री मिटलीत. दार तिनंच किल्लीनं उघडलं. त्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते. ती आत गेली, वळली, आणि उंबऱ्यावर दोन्ही बाजूंना हात टेकून उभी राहिली.

"दारवान," तुम्ही म्हणालात. किती गोड म्हणालात! माझेच पाय एक पायरी वर गेले.

"नको, बाई."

"काय गं? खारुताई तुझी मैत्रीण ना?"

"म्हणूनच."

"मी तिला बघून लगेच जाईन. तिला कविता ऐकायची असेल."

"मी म्हणून दाखवीन. येते मला."

"तुझ्याइतकी हुशार मुलगी—"

"नको म्हटलं ना!" ती ओरडली. आवाज चिरकला तिचा. रडत होती, बाई. तुम्ही तिला आवडत होतात. मला ओळखीचं आहे ते रडणं, मी ते साठ वर्षं आत दाबून ठेवलं आहे. फरक एवढाच, की ती रडत होती आणि हात चौकटीवरून काढत नव्हती.

आतून खारुताईचा बारीक आवाज आला, "कोण आहे गं?" आणि माझी नात म्हणाली, "कुणी नाही."

उतरताना तुम्ही माझ्याजवळ थांबलात. चष्मा पुसलात. "तुला हे कधी जमलं नाही," एवढंच म्हणालात आणि छत्री उघडून उन्हात गेलात.

नाही जमलं. खरं आहे. पण तुम्ही आम्हाला नदी शिकवलीत, पाखरं शिकवलीत, शेवटच्या बाकापर्यंत आवाज कसा पोचवायचा ते शिकवलंत. हा एक शब्द तेवढा शिकवला नाहीत. आमच्यापैकी कुणाला तो येत असता, तर तुम्ही उपाशी मेला असतात, आणि पोपट आज माझ्यासारखाच गुडघे चोळत बसला असता. त्याच्याही नातवंडांना ही कविता आली असती. मला रागानं झोप येत नाही ती यामुळे.

काल सकाळचं मुख्याध्यापिकांनीच सुनेला फोन करून सांगितलं. तुम्ही वर्गाच्या दारात उभ्या, आणि एकही मूल तोंड उघडेना. माझ्या नातीनं प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांना काय सांगितलं, ते ती सांगत नाही. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो बाई, जा ना आत, घंटा झाली." तुम्ही गेला नाहीत. मग मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि तो सर्वांत शांत वर्ग म्हणे इतका दंगा करायला लागला की शेजारच्या वर्गाचे सर धावत आले. दुपारी तुमची खुर्ची रिकामी होती. खारुताई बसून पेज प्यायली, अशी बातमी आहे.

सुनेनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी तिनं वरच्या कप्प्यातल्या कादंबऱ्या काढून रद्दीत टाकल्या.

नात माझ्याशी बोलत नाही. तिच्या खोलीचं दार उघडंच असतं, ती टेबलाशी बसून अभ्यास करत असते. शनिवारपर्यंत मी विचारल्याशिवाय आत जात होतो. काल सकाळी पहिल्यांदा दारात थांबलो.

"आत येऊ का?"

"नको."

संध्याकाळी विचारलं. नको. आज सकाळी विचारलं. तिनं मान वर केली, थोडा विचार केला, आणि म्हणाली, "नको, आजोबा." आजोबा म्हणाली, हे लक्षात घ्या.

हे पत्र मी तिच्या दाराबाहेर उभा राहून लिहितो आहे, कागद भिंतीला टेकवून. अक्षर वाकडं आलंय. तुम्ही तपासू नका.